गाळाचे फोटो

पाण्यात डोळे उघडे ठेवायला शिकलो रामकुंडावर,
नऊ वर्षांचा असताना.
यात्रेकरू नाणं टाकायचे, ओठ हलवायचे,
आणि त्यांचं पुण्य तळाला टेकायच्या आत
माझ्या गालात.
डावा गाल एक-दोन रुपयांचा, उजवा पाचाच्या नाण्यांचा.
श्वास इतका धरायचा, की काठावरची एखादी म्हातारी
पोरगं गेलं, पोरगं गेलं म्हणत छाती पिटायची.

आता चौतिशीत त्याच दातांत रबराचा तुकडा,
पाठीवर टाकी,
आणि समोर बेंडकोळी सर, पाण्याखालच्या पाटीवर
पेन्सिलीने लिहितायत:
श्वास धरू नकोस.

सर पाटबंधाऱ्यासाठी धरणांचे दरवाजे तपासतात.
बोलणं कमी. पाण्याबाहेरसुद्धा
हातानेच सांगतात: चहा. अर्धा. साखर नको.

त्र्यंबक रोडच्या तलावात, पहाटे,
लहान पोरांचा क्लास सुरू व्हायच्या आधी
मी नुसतं असायला शिकतो,
तळाला न टेकता, वर न सुटता.
श्वास घेतला की चार बोटं वर,
सोडला की चार बोटं खाली,
आणि कॅमेरा माझ्याबरोबर.
पहिले साठ फोटो निळ्या फरशांचे.
एकही सरळ नाही.

फेब्रुवारीत गंगापूर धरणाचं पाणी नितळतं.
नितळतं म्हणजे, हात लांब केला तर बोटं दिसतात.
सहा मीटरवर सरांनी विटेला बांधून सोडला
द्राक्षांचा घड, मखमलाबादच्या बागेतला.
मासे तुझ्यासाठी थांबणार नाहीत, म्हणाले होते काठावर,
हा थांबेल.

मनगटावरचा लाल दोरा, आईने बांधलेला,
तिथे तपकिरी. कुणी धुतला नाही, कुणी सोडला नाही,
पाण्याने मधल्यामध्ये लाल ठेवून घेतला.
टॉर्च मारला, परत लाल.
विझवला, गेला.
तीनदा केलं तसं. सरांनी हवेच्या काट्यावर टकटक केलं.

मग फ्लॅश.
आणि स्क्रीनवर गाळ, निव्वळ गाळ,
कण न् कण उजळलेला,
टाकलेल्या अक्षता नवऱ्यामुलापर्यंत पोचायच्या आधी
जिथल्या तिथे थांबल्यासारख्या.
त्यामागे कुठेतरी द्राक्षं असावीत.
पाटी आली: दिवा बाजूला धर. जवळ जा.
गेलो.
पाटी आली: अजून निम्मं.

जवळून पाहिलं तर प्रत्येक द्राक्षाला बुडबुडे चिकटलेले,
कुणाला तीन, कुणाला सात.
इतकं चकचकीत काही पाण्यात दिसलं
की मला काय होतं, ते मला ठाऊक नव्हतं.
श्वास अडला, हात पुढे गेला,
मूठ वळली.
घड हिसकला, वीट हलली, सगळं धरण
चहासारखं ढवळून निघालं.

रामकुंडावर गाळ उठवणाऱ्याला पोरं शिव्या घालायची.
इथे कुणी नव्हतं.
सरांचा हात माझ्या खांद्यावर, तेवढाच काय तो आधार,
बाकी माझाच श्वास, आत, बाहेर,
मंगल कार्यालयामागच्या जनरेटरएवढा मोठा.
मी तो ऐकत राहिलो.
दुसरं काही करायला नव्हतंच.

बऱ्याच वेळाने विटेचा कोपरा दिसला.
मग एक मासा, बोटाएवढा, नाव माहीत नाही.
त्याने एक द्राक्ष टोचलं, रुचलं नाही,
तरी परत येऊन टोचलं.
मी बोट दाबलं.

नाशिक रोडला घरी पोचलो तेव्हा
भाऊ नुकताच प्रेसमधून आलेला,
दिवसभर नोटा मोजून, गेटवर झडती देऊन.
फोटो उलटासुलटा करत म्हणाला, हा विकणार कुणाला?
आईने चष्मा पदराला पुसला.
मासा कुठाय?
गेला. शेपटी आलीय, ही बघ.
तिने स्क्रीनवरचा एक ठिपका नखाने खरवडला,
काचेला काही लागलंय का म्हणून.
मग दुसरा.
राहू दे, मी म्हटलं,
ते आतलं आहे.